डाव्या बाजूचा मुद्देमाल

माझी पत्नी बोट वर करते. उजव्या हाताची तर्जनी, खांद्याच्या उंचीपर्यंत, टोक छताकडे. अर्थ असा की, आपण आता बोलू नये. परिच्छेद संपेपर्यंत थांबावे. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारातील बहुतेक काळ हे बोट आमच्या घरात नव्हते. ते आले एका छोट्या पांढऱ्या डबीतून, आणि तेव्हापासून मी त्या डबीचा, तिच्यातल्या वायरीचा आणि त्या वायरीतून बोलणाऱ्या गृहस्थांचा मत्सर करीत आलो आहे. हे विधान मी शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाखाली न येता करीत आहे.

मी न्यायालयाच्या सेवेत होतो. न्यायाधीश नव्हतो, वकीलही नव्हतो. मुद्देमाल कारकून होतो. खटल्यात पुरावा म्हणून जप्त झालेल्या वस्तू माझ्या ताब्यात असत. कोयते, मनगटी घड्याळे, डाग पडलेले सदरे, एकदा पोपटाचा रिकामा पिंजरा. प्रत्येक वस्तू पाकिटात किंवा कापडात बांधलेली, लाखेची मोहोर लावलेली, चिठ्ठीवर पंचांच्या सह्या असलेली. वस्तू जशी आली तशीच राहिली पाहिजे, हे त्या खोलीतले एकमेव तत्त्व होते. कोयत्याला गंज चढला तरी चालेल, पुसायचा नाही. सव्वीस वर्षे मी त्या खोलीत काहीही पुसले नाही. निवृत्त झालो तेव्हा माणसाची नोकरी सुटते, हात सुटत नाहीत, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

पत्नी शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होती. लोकांच्या मजकुरातल्या चुका काढणे हे तिचे काम, आणि लोकांच्या कारभारातल्या चुका काढणे हा माझा स्वभाव. त्यामुळे आमचे बरे जमले. मी पत्रे लिहितो. बँकेतले पेन दोरीने बांधलेले असते आणि दोरी सहीच्या जागेपर्यंत पोचत नाही, याविषयी मी शाखाधिकाऱ्यांना लिहिले आहे. आमच्या कर्वेनगरातल्या सोसायटीच्या सचिवांना लिफ्टविषयी लिहिलेल्या पत्रांची स्वतंत्र फाइल आहे. त्या काळी यातले एकही पत्र पत्नीने ऐकल्याशिवाय पाकिटात जात नसे. मी मोठ्याने वाचायचो, ती भाजी निवडत ऐकायची आणि मान वर न करता सांगायची, “तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही चिडलात. तिथून पुढे कोणी वाचणार नाही.” मी तिसरा परिच्छेद काढून टाकायचो. वकिलांचे ऐकले नाही इतके मी तिचे ऐकले आहे.

पाच वर्षांपूर्वी तिच्या दृष्टीच्या मधोमध डाग आला. डॉक्टरांनी त्याचे नाव सांगितले आणि तो जाणार नाही असेही सांगितले. कडेचे दिसते, मधले दिसत नाही. ओळीकडे पाहिले की ओळच नाहीशी होते. ज्या बाईने आयुष्यभर अक्षरे पाहिली तिला आता अक्षर सोडून बाकी सगळे दिसते. “तुमचा चेहरा दिसत नाही,” ती एकदा म्हणाली, “पण तुमचे कान दिसतात. बरे आहेत.”

तेव्हापासून दुपारच्या चहानंतर मी तिला वाचून दाखवू लागलो. आधी वर्तमानपत्र, मग एखादी कादंबरी, शेवटी माझे ताजे पत्र. मला मान्य आहे की मी सलग वाचत नाही. बातमीत विसंगती असली तर मला थांबावे लागते. कादंबरीतल्या माणसाने मृत्युपत्र दोन साक्षीदारांशिवाय केले तर मला पुस्तक मिटावे लागते. एका कादंबरीत भाडेकरूला नोटीस न देताच घराबाहेर काढले होते. त्यावर माझे विवेचन दोन दुपारी चालले आणि त्या भाडेकरूचे पुढे काय झाले ते आम्हां दोघांनाही आजतागायत ठाऊक नाही. पण ती ऐकत होती. तिच्या दिवसात शब्द यायचे ते माझ्या तोंडून यायचे. दुसरा मार्ग नव्हता. हे सुख मी तेव्हा मोजले नाही, कारण त्याला प्रतिवादी नव्हता.

मग मुलगी दिवाळीच्या सुट्टीत आली आणि तिने आईला ती पांढरी डबी दिली.

कानाच्या आत बसणारे इअरफोन. चिक्कूच्या बीएवढे दोन तुकडे, टोकाला मऊ रबराच्या टोप्या, पातळ पांढरी वायर. फोनवर कादंबऱ्या ऐकायची सोय मुलीने करून दिली, कुठे दाबायचे ते आईच्या बोटांना शिकवले आणि मला म्हणाली, “बाबा, आता आईला सारखं तुमच्यावर अवलंबून राहायला नको.”

“तिची तक्रार होती का?” मी विचारले.

“नाही हो बाबा. तुमचीच सुटका.”

सुटकेचा अर्ज मी केलेला नव्हता.

पहिल्या आठवड्यातच ते बोट वर झाले. मी वर्तमानपत्र घेऊन बसलो, चष्मा लावला, पहिला मथळा वाचला आणि ती खुर्चीत मागे टेकून, डोळे मिटून, बोट वर करून बसलेली. मी थांबलो. एक मिनिट, दोन मिनिटे. मग तिने एक तुकडा कानातून काढला आणि म्हणाली, “हं, काय म्हणत होतात?” त्या मथळ्यात तोवर काही उरले नव्हते.

मी एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. ती मेथी निवडत होती, दोन्ही कानांत वायर. मध्येच ती हसली. मोठ्याने नाही; ओठ दाबून, खांदे हलवून, जशी ती लग्नानंतर पहिल्या वर्षी माझ्या आत्याच्या गोष्टींवर हसायची. मी विचारले, “काय झालं?” तिला ऐकू गेले नाही. जवळ जाऊन विचारले. “काही नाही,” ती म्हणाली, “ते सांगून गंमत नाही हो. त्यांच्या तोंडून ऐकायला पाहिजे.”

त्यांच्या. तिने त्या माणसाला आदरार्थी बहुवचन दिले होते.

दुसऱ्या दिवशी ती खाली कुंड्यांना पाणी घालायला गेली तेव्हा मी ते तुकडे कानांत घातले. रबराच्या टोप्या अजून कोमट होत्या. मला दोष शोधायचे होते आणि त्यासाठी मी वीस मिनिटे ऐकले. आवाज भारदस्त नव्हता, गोडही नव्हता. त्याला घाई नव्हती, इतकेच. स्वल्पविरामाला तो स्वल्प थांबत होता. ज्या ठिकाणी मी “हे कायद्याने शक्यच नाही” म्हणून पुस्तक मिटले असते, तिथे तो शांतपणे पुढच्या वाक्यावर गेला. स्वतःचे मत म्हणून त्याने एक अक्षर उच्चारले नाही. मी वायर होती तशी गुंडाळून ठेवली आणि त्या दुपारी बँकेला जे पत्र लिहिले ते सबंधच तिसरा परिच्छेद होते. ते ऐकायला कोणी नव्हते, म्हणून तसेच गेले.

असे सात-आठ महिने चालले. मग एका सकाळी ती म्हणाली, “अहो, डावा बोलेना झालाय.”

“कोण?”

“कानातला. डावा. उजवा बोलतोय.”

मला त्या क्षणी झालेला आनंद लपवण्यासाठी मी उठून खिडकी लावली. परत येऊन दोन्ही तुकडे पाहिले. हमीपत्र डबीत होते; मुदत संपायला चार महिने बाकी होते.

“एका कानावर भागतं माझं,” ती म्हणाली. “उलट दुसरा मोकळा राहील. दाराची बेल ऐकू येईल, तुम्ही ऐकू याल.”

बेल आधी आणि मी नंतर, हा अनुक्रम माझ्या लक्षात आला.

“भागवायचं कशाला? हमीच्या मुदतीत वस्तू बंद पडली आहे. कंपनीने बदलून दिली पाहिजे.”

“आधी जरा पुसून तर बघू या. एक मऊ फडकं द्या मला.”

“पुसायचं नाही.”

“का?”

“उद्या कंपनी म्हणेल, तुम्हीच हाताळलंत. वस्तू आहे त्या स्थितीत राहिली पाहिजे.”

“मग उजवा तेवढा वापरते.”

“वस्तू एक आहे. अर्धी वस्तू जप्त होत नाही.”

ती माझ्या कानांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “ठीक आहे. तुम्हांला कळतं त्यातलं.”

तिच्या या वाक्याचा मी गैरफायदा घेतला, हे आज लिहितो. तेव्हा मला ते वाक्य केवळ न्याय्य वाटले.

मी रीतसर पंचनामा केला. समोरच्या दारातले निवृत्त भूगोल शिक्षक हे पहिले पंच आणि इस्त्रीचे कपडे घेऊन आलेले गृहस्थ दुसरे. दोघांनाही ऐकून खातरजमा करायला सांगितले. शिक्षकांनी आधी उजवा तुकडा कानात घातला आणि डोळे मिटून उभे राहिले.

“डावा तपासायचा आहे,” मी म्हणालो.

“हो हो. पण उजव्यात फार छान वाचतायत हो कोणीतरी. जरा थांबा, हे लग्नाचं ठरू दे.”

लग्नाचे ठरेपर्यंत आम्ही थांबलो. मग त्यांनी डावा बंद असल्याचे मान्य करून सही केली. इस्त्रीवाले म्हणाले, “काका, चोरी झाली का?” मी नाही म्हणालो. “मग पोलिसांसारखं का लिहिताय?” त्यांनीही सही केली. मी तुकडे पाकिटात घातले, दोऱ्याने बांधले, मेणबत्तीवर लाख वितळवली आणि जुन्या कोटाच्या पितळी गुंडीचा ठसा उमटवला. पत्नी शेजारच्या खोलीतून म्हणाली, “कसला वास येतोय?” लाखेचा तो वास मला सव्वीस वर्षे परिचयाचा होता. मला फार दिवसांनी घरी आल्यासारखे वाटले.

पाकीट माझ्या कपाटाच्या खणात गेले. कंपनीला नोंदणीकृत टपालाने, पोचपावतीसह, पहिले पत्र गेले.

त्यानंतरच्या दुपारी माझ्या होत्या. मी पुन्हा वाचू लागलो. बोट कोठेही नव्हते. मुलीने फोनवर सांगितले, “आई, दुसरे इअरफोन पाठवते ना,” तर मी फोन घेऊन सांगितले की प्रकरण चालू असताना नवीन खरेदी केली तर नुकसानीचा मुद्दा कमकुवत होतो. मुलगी म्हणाली, “बाबा, फोनच्या स्पीकरवर लावून ऐकू दे की मग तिला.” पत्नीने दोन दिवस तसे ऐकून पाहिले. त्या दोन दिवसांत कादंबरी सुरू झाली की मला कुकरची शिट्टी, नळाची गळती आणि खालच्या मजल्यावरचे फर्निचर यांविषयी तातडीने बोलावे लागे. तिसऱ्या दिवशी तिने फोन बाजूला ठेवला. “राहू दे,” ती म्हणाली, “तुम्हांला त्रास होतो.” मी उदारपणे म्हणालो, “मला काही त्रास नाही.”

ती माझे वाचन ऐकत होती, पण कशी? डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर माणसे एकमेकांचे ऐकतात तशी. हात मांडीवर, मान थोडी दाराकडे. मी विचारले, “आवडतंय ना?” ती म्हणाली, “वाचा, वाचा.” मी समाधान मानले. ज्याच्याकडे ताबा असतो तो फार प्रश्न विचारीत नाही.

कंपनीचे उत्तर दीड महिन्याने आले. वस्तूतील बिघाडाविषयी एखाद्या जाणकार तंत्रज्ञाचा लेखी अभिप्राय जोडावा, म्हणजे पुढील कार्यवाही करता येईल. मागणी वाजवी होती, म्हणून तिचाही मला राग आला. शिक्षकांनी पत्ता सांगितला. शनिवार पेठेत, पत्नीच्या जुन्या छापखान्यापासून दोन गल्ल्यांवर, जिन्याखाली एक दुकान आहे. तिथे एक बाई श्रवणयंत्रे आणि इअरफोन दुरुस्त करतात. मंडईत भाजी घ्यायला निघालो आहे असे सांगून मी पाकीट पिशवीत घेतले. खोटे बोललो नाही. भाजीही घेतली.

बाई चाळिशीच्या असाव्यात. विदर्भातून शिकायला आल्या आणि इथेच राहिल्या, हे बोलण्यावरून आणि नंतर त्यांनीच सांगितल्यावरून कळले. पुढ्यात मोठे भिंग, दिवा, बारीक चिमटे, आणि एका पेल्यात लहान मुलांचे दात घासायचे मऊ ब्रश.

“काय झालं याले, काकाजी?”

“डावी बाजू बंद आहे. मला दुरुस्ती नको. लेखी अभिप्राय हवा आहे.”

त्यांनी लाखेची मोहोर पाहिली, पाकीट हलवून पाहिले. “यात दागिना आहे का?”

मी मोहोर त्यांच्यासमक्ष फोडली, तशी नोंद केली आणि तुकडे बाहेर काढले. त्यांनी डाव्याची रबरी टोपी काढली, तो भिंगाखाली धरला आणि पाच सेकंदांत हसल्या.

“बिघडलंच नाही ना हे. जाळी बुजून राहिली. कानातला मळ आहे, दुसरं काही नाही. ब्रश मारते, दोन मिनिटांत चालू होते.”

“हात लावू नका.”

पेल्यातून काढलेला ब्रश त्यांच्या हातात तसाच राहिला. “काहून?”

“तो पुरावा आहे.”

“कशाचा?”

“कंपनीच्या सदोष उत्पादनाचा.”

“कंपनीचा मळ नाही ना काकाजी हा.”

रस्त्यावर एक टेम्पो मागे येत होता. त्याची टिंव टिंव चालू असताना बाईंनी तुकडा दिव्याखाली पुन्हा फिरवून पाहिला.

“वापरतं कोण हे?” त्यांनी विचारले.

“माझी पत्नी. तिला वाचता येत नाही. म्हणजे डोळ्यांमुळे.”

“मग त्या सध्या काय ऐकून राहिल्या?”

“मला.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले, ब्रश पेल्यात ठेवला आणि डाव्यावर टोपी पुन्हा चढवली. “असं,” त्या म्हणाल्या. मग पाकिटाच्या पाठीवर लिहून दिले : जाळीत मळ, यंत्र ठीक. खाली सही. मी मागितलेला अभिप्राय मला मिळाला होता. मी ते पाकीट तुकड्यांसह दुसऱ्या मोठ्या पाकिटात घातले आणि घरी येऊन त्यावर नवी मोहोर लावली. अभिप्राय आत, मोहोर बाहेर.

“काय म्हणाले?” पत्नीने विचारले. मी दारातून आलो तेव्हाच पिशवीतल्या दोन पाकिटांचा आवाज तिला आला असावा, आणि मग लाखेचा वास. भाजीच्या पिशवीत कागद वाजत नाही.

“एका तज्ज्ञांना दाखवलं. तपासणी झाली.”

“आणि?”

“प्रकरण प्रलंबित आहे.”

यातले प्रत्येक वाक्य खरे होते. चौकशीत असे साक्षीदार मी शेकड्यांनी पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल माझे मत काय होते ते मला ठाऊक आहे. तरी पुढचे चार आठवडे मी दुपारी वाचत राहिलो आणि कंपनीला आणखी दोन पत्रे पाठवली. पहिल्यापेक्षा ती अधिक कडक होती. ज्या माणसाला आपली बाजू चुकीची आहे हे माहीत असते, त्याचा राग फार नेटका होतो.

एका दुपारी ती म्हणाली, “आज कादंबरी नको. ती फाइल वाचा.”

“कोणती?”

“इअरफोनची. पहिल्या पत्रापासून. बऱ्याच दिवसांत तुमची पत्रं ऐकली नाहीत.”

मला किती बरे वाटले म्हणून सांगू. मी फाइल काढली, तिच्या समोर बसलो आणि पंचनाम्यापासून सुरुवात केली. मी चांगले वाचले. थांबलो नाही, टिप्पणी केली नाही, स्वल्पविरामाला स्वल्प थांबलो; हे त्या गृहस्थांकडून उचलले होते हे कबूल करतो. ती डोळे मिटून ऐकत होती. मान दाराकडे नव्हती. सगळी पत्रे संपली तेव्हा मी पाणी प्यायलो.

“एक मजकूर गळलाय,” ती म्हणाली.

“कुठे?”

“कंपनीने तज्ज्ञाचा अभिप्राय मागितला. तुम्ही तज्ज्ञाकडे जाऊन आलात. त्यानंतर तुम्ही दोन पत्रं लिहिलीत आणि दोन्हींत तज्ज्ञाचं नाव नाही.”

मी फाइल मिटली.

“अभिप्राय तुमच्या बाजूचा असता,” ती पुढे म्हणाली, “तर तुम्ही तो पहिल्या ओळीत घातला असता. अधोरेखित करून. दोनदा.”

चाळीस वर्षे छापील मजकुरातून गळलेल्या ओळी शोधणाऱ्या बाईसमोर मी ओळ गाळली होती, आणि तीही मोठ्याने वाचून.

“काय म्हणाले ते तज्ज्ञ?”

“बाई आहेत. म्हणाल्या, मळ आहे.”

“किती वेळाचं काम?”

“दोन मिनिटांचं.”

ती चिडेल म्हणून मी वाट पाहिली. बचावाचे तीन मुद्देही तयार होते. ती काही वेळ खिडकीकडे तोंड करून बसली, जिथे तिला खिडकीची चौकट दिसते आणि आकाश दिसत नाही.

“मी कुठे थांबले होते माहितीये?” ती म्हणाली. “त्या कादंबरीतली बाई धरणाच्या कचेरीबाहेर उभी होती. हातात अर्ज होता. आत बोलावतात की नाही ते कळायचं होतं. तेव्हापासून ती तिथेच उभी आहे. मी रोज दुपारी तुमचं वाचन ऐकते आणि मनात येतं, अजून उभीच असेल बिचारी.”

“मी वाचून दाखवली असती. पुस्तक आणलं असतं.”

“तुम्ही तिचा अर्ज तपासत बसला असता.”

हे खरे होते. तरीही मी जे कधी विचारायचे नाही असे ठरवले होते ते विचारले. “तो माझ्यापेक्षा चांगला वाचतो. मला मान्य आहे. पण तुला तोच का हवा?”

“चांगलं वाचतात म्हणून नाही हो. त्यांना थांबवता येतं. बोट लावलं की गप्प, पुन्हा लावलं की जिथे होते तिथून सुरू. तुम्हांला थांबवता येत नाही, आणि एकदा थांबलात की तुम्ही जिथे होतात तिथून कधी सुरू होत नाही.”

मी उठलो. खणातून पाकीट काढले. सव्वीस वर्षांत मी न्यायालयाच्या आदेशाशिवाय एकही मोहोर फोडली नव्हती. शनिवार पेठेत फोडली ती तपासणीसाठी, लगेच पुन्हा लावली. ही कायमची फोडली. लाखेचे तुकडे सतरंजीवर पडले. पण घरच्या घरी ब्रश मारण्याचे धाडस मला झाले नाही. जी वस्तू इतके दिवस अडवून ठेवली ती माझ्या हातून खरोखर बिघडली असती, तर त्याला अपघात कोणी म्हटले नसते. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिचा फोनही बरोबर घेऊन, दुकान उघडायच्या आधी मी जिन्याखाली उभा होतो.

“लाख नाही आणली आज?” बाई म्हणाल्या.

“दुरुस्ती करून द्या. किंवा असं करा, मला शिकवा.”

त्यांनी मला स्टुलावर बसवले आणि ब्रश माझ्या हातात दिला. टोप्या आधी काढायच्या. त्या कोमट साबणाच्या पाण्यात धुवायच्या आणि पूर्ण वाळल्याशिवाय चढवायच्या नाहीत. जाळीला पाणी अजिबात लावायचे नाही. टाचणी घालायची नाही, फुंकर मारायची नाही; दोन्हींनी मळ आत जातो. तुकडा धरायचा तो जाळी खाली करून, म्हणजे निघालेले खाली पडेल. ब्रश कोरडा, हात हलका. “दाबू नका, काकाजी. तुम्ही तर शिक्का मारून राहिले.” मी हात सैल केला. भिंगाखाली जाळीची भोके एकेक करून उघडी होत गेली आणि खालच्या पांढऱ्या कागदावर मोहरीपेक्षा लहान, पिवळसर कण पडले.

मी त्या कणांकडे बराच वेळ पाहिले. त्या गृहस्थांचा आवाज इतके दिवस ज्याने अडवला ते माझे कायद्याचे ज्ञान नव्हते. ते तिच्याच कानातले होते. तिच्या देहाने आधी माझी बाजू घेतली होती, आणि मी नंतर. हा विचार मला सुखद वाटला, हे लपवीत नाही. मग मी कागद दुमडून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

“ऐकून पाहा,” बाई म्हणाल्या.

डावा बोलू लागला होता. कचेरीबाहेर बाई उभी होती.

मी पुढे ऐकले नाही. ते ऐकण्याचा पहिला हक्क माझा नव्हता. वायर बोटांवर करकचून गुंडाळू लागलो तेव्हा बाईंनी ती माझ्या हातातून घेतली आणि सैल वेटोळे करून दाखवले. कानातून काढताना वायरीला ओढायचे नाही, तुकड्यालाच धरायचे, हेही बजावले. “त्यांनाही सांगा.”

घरी ती दारातच होती. मी तुकडे आणि फोन तिच्या तळहातांवर ठेवले. तिने ते कानांत घातले, खुर्चीत मागे टेकली आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी उठली नाही. मी वरणभात केला. तिच्या चेहऱ्यावर जे काही येत-जात होते त्यात माझा काहीही वाटा नव्हता, आणि ते पाहताना मला जे होत होते ते पहिल्या दिवसापेक्षा तसूभर कमी नव्हते. कारण कळले म्हणून मत्सर जात नाही. तो फक्त प्रामाणिक होतो.

दुपारी मी कंपनीला तक्रार मागे घेत असल्याचे पत्र लिहिले आणि तिला वाचून दाखवले. “आपल्या उत्पादनात दोष आढळला नाही. दोष अन्यत्र होता, त्याचे निवारण झाले आहे. झालेल्या तसदीबद्दल दिलगीर आहे.”

“तिसरा परिच्छेद नाही?” ती म्हणाली.

“नाही.”

“‘अन्यत्र’ म्हणजे कुठे?”

“कंपनीला काय करायचंय ते कळून?”

“मग मला लिहून द्या,” ती म्हणाली. “सगळं, क्रमाने. काही न गाळता. आणि वाचून दाखवा.”

हे लिखाण त्या आदेशावरून केलेले आहे. त्यातले काही गाळलेले नाही, अशी माझी समजूत आहे. शेवटचा निर्णय तिचा. दरम्यान दर रविवारी सकाळी मी ते दोन तुकडे खिडकीपाशी घेऊन बसतो. टोप्या धुतो, पंच्यावर वाळत घालतो, जाळी खाली करून हलक्या हाताने ब्रश फिरवतो. माझ्या प्रतिस्पर्ध्याची वाट मी स्वतः झाडतो. ती इतकी स्वच्छ असते की त्या गृहस्थांचा श्वासही ऐकू येतो, अशी पत्नीची साक्ष आहे.

पुरवणी, वाचनानंतर जोडलेली : आज दुपारी चहानंतर मी हे कागद घेऊन तिच्यासमोर बसलो. चष्मा लावला, घसा साफ केला. तिने बोट वर केले.

मी थांबलो. किती वेळ, ते मोजले नाही. परिच्छेद लांब असावा. मग तिने तुकड्याला धरून, वायर न ओढता, डावा कानातून काढला आणि मांडीवर ठेवला.

“हं,” ती म्हणाली, “वाचा.”

उजवा तसाच होता. त्यातले गृहस्थ थांबवले आहेत की नाहीत, हे मी विचारले नाही. खुर्ची उचलून तिच्या डाव्या बाजूला नेली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.